कागदावरची इंजिनिअर

रुपाली ओव्हाळ नेटवर्कची वरची परीक्षा पास झाली, तेव्हा कैलासशेठनी तिला ऑफिसात पेढे वाटायला लावले आणि पेढे वाटून झाल्यावर म्हणाले, "चला, फोन वाजतोय." ती पुन्हा जाऊन फोनवर बसली.

लोणावळ्यात वलवणच्या बाजूला एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर 'सह्यकडा नेटवर्क्स'चं ऑफिस होतं. हॉटेलांना आणि बंगल्यांना इंटरनेट पुरवायचं, वायफाय बसवून द्यायचं, कॅमेरे जोडायचे, असा धंदा. मालक कैलास पडवळ केबल टीव्हीतून वर आलेले, गोड बोलणारे, कुणाला दुखवून न बोलता आपलं तेच करणारे. रुपालीकडे तक्रारींचा फोन होता. शनिवारी मुंबईची माणसं बंगल्यांवर उतरली की तो थांबायचाच नाही. नेट हळू आहे, पासवर्ड लागत नाही, तुम्ही पैसे कशाचे घेता. ती ऐकून घ्यायची, राउटर बंद करून चालू करायला सांगायची आणि तेवढ्यानं भागलं नाही तर नथूला किंवा सार्थकला पाठवायची. नथू जुना केबलवाला, खांबावर चढण्यात उमर गेलेला. सार्थक शेठच्या बहिणीचा मुलगा, रुपालीच्याच वयाचा आणि तिच्यासारखाच बीएस्सी कॉम्प्युटर.

रुपाली बेडश्याची. वडील सखाराम देहूरोडच्या डेपोत मजूर होते, आई येसूबाई पवनानगरकडच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब कापायला जायची. सकाळी वडील तिला गाडीवर मागं बसवून कामशेतला आणायचे. तिथून ते पुण्याकडची लोकल धरायचे आणि ती लोणावळ्याकडची.

परीक्षेचं खूळ शेठनीच काढलं होतं. एकदा सगळ्यांना समोर बसवून त्यांनी सांगितलं की आता नुसती वायर ओढून चालायचं नाही. मोठमोठी रिसॉर्ट येतायत, त्यांना सर्टिफाइड माणूस लागतो. राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या परीक्षा असतात, आधी पायाची, मग वरची. जो पास होईल तो आपला नेटवर्क इंजिनिअर, साइटवर तोच जाणार. सार्थकला त्यांनी तिथल्या तिथं पिंपरीच्या क्लासला घातलं. मीटिंग संपल्यावर रुपालीनं विचारलं, मी बसू का परीक्षेला. शेठ हसले. बस की, तुला कोण नको म्हणतंय, म्हणाले. क्लासचं मात्र त्यांनी काही काढलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

ती मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली. प्रत्येक मशिनला एक पत्ता असतो, त्या पत्त्यांचे गट कसे पाडायचे, एका गटाचा निरोप दुसऱ्या गटात कोणत्या वाटेनं न्यायचा, ती वाट तुटली तर दुसरी कोणती धरायची, हे सगळं तिला आधी नुसतं आकड्यांचं रान वाटलं. मग हळूहळू त्यातून पायवाटा दिसायला लागल्या. लोकलमध्ये खिडकीशी बसून ती मनातल्या मनात गट पाडायची. मळवली मागं पडेपर्यंत गणित सुटलं नाही तर दिवसभर ते डोक्यात राहायचं आणि बंगलेवाल्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता अचानक सुटायचं. वडिलांनी देहूरोडच्या बाजारातल्या भंगारवाल्याकडून एक जुना राउटर आणि मशिनं एकमेकांना जोडणारा एक स्विच आणून दिला. घरात ते चालू केले की पंख्यांचा असा आवाज व्हायचा की शेजारच्या बयाबाई दारात येऊन विचारायच्या, सकाळी सकाळी चटणी वाटताय व्हय.

पायाची परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली. सार्थक नापास झाला. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. त्याला कॅमेरे बसवायला, ग्राहकांशी गप्पा मारायला आवडायचं, आणि ते तो चांगलं करायचा. त्यानं रुपालीचं मनापासून अभिनंदन केलं आणि पुन्हा परीक्षेचं नाव काढलं नाही. रुपाली निकाल घेऊन शेठकडे गेली. शेठ म्हणाले, पायाची तर आता कुणीही देतं. वरची कर, मग बघू.

तिनं वरचीही धरली. ती मात्र सोपी नव्हती. पुण्याच्या परीक्षा केंद्रात घड्याळ काढून घेतलं, खिसे उलटे करून बघितले, केसांतली पिनसुद्धा काढायला लावली. पडद्यावर एक बिघडलेलं नेटवर्क समोर ठेवलं होतं आणि ते दुरुस्त करायचं होतं. एकदा पुढं गेलं की मागं यायची सोय नाही. दोष कुठं आहे ते तिला समजलं, पण तो काढताना तिनं दुसरीच चालू वाट बंद करून टाकली आणि पुढचा सगळा वेळ तीच उघडण्यात गेला. थोडक्यात हुकली. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. येसूबाई म्हणाली, गुलाबाचं झाड छाटलं म्हंजी मेलं म्हनत्यात का, आणि तिच्यापुढं ताट सरकवलं. काही महिन्यांनी ती पुन्हा बसली, तेव्हा तसाच बिघाड समोर आला. या वेळी तिनं काहीही बदलायच्या आधी जे चालू आहे ते नीट पाहून घेतलं. बाहेर आली तेव्हा केंद्रातल्या बाईनं निकालाचा कागद हातात दिला आणि सरावानं म्हटलं, "अभिनंदन." रुपालीला तिथंच रडू आलं.

मग ते पेढे, आणि मग तो फोन.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी शेठनी तिला केबिनमध्ये बोलावलं. राउटरवाल्या कंपनीकडून तुला एक मेल येईल, त्यात आपल्या ऑफिसचं नाव असेल, 'मान्य' वर बोट दाब, एवढंच सांगितलं. कशासाठी म्हणून तिनं विचारलं. शेठ म्हणाले, रेकॉर्डला लागतं, तुझ्याच फायद्याचं आहे. तिला वाटलं, आता इंजिनिअर म्हणून नेमायची तयारी चाललीय. तिनं आनंदानं बोट दाबलं.

पुढं काहीच झालं नाही. तिनं एकदोनदा आठवण केली. शेठ म्हणाले, सीझन जाऊ दे. सीझन गेला. मग म्हणाले, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर ऑफिसात एकाएकी मोठी गडबड उडाली. पवना धरणाच्या काठावरच्या नव्या रिसॉर्टचं सगळं काम 'सह्यकडा'ला मिळालं होतं. खोल्या, हॉल, तंबू, कॅमेरे, सगळं. खोकीच्या खोकी आली. सार्थकला कंपनीचं नाव छापलेले नवे टी-शर्ट शिवून मिळाले आणि तो रोज पवनेला जायला लागला. रुपालीनं सरळ विचारलं, मला कधी पाठवणार. शेठ म्हणाले, अगं तू गेलीस तर फोन कोण घेणार, तुझ्यासारखं गोड बोलतं कोण.

रागावली ती तेव्हाच. पण राग कशावर काढायचा हे तिला नीट कळत नव्हतं. इथं कुणी ओरडलं नव्हतं, कुणी अपमान केला नव्हता. नुसतं दर वेळी हसून तिला तिच्या खुर्चीकडे वळवलं होतं.

ते कळलं एका मंगळवारी. दुपारी फोन वाजला. पवनेच्या रिसॉर्टची आयटी बघणारी चैताली नावाची मॅडम बोलत होती. आवाजावरून पुण्याची, आणि वैतागलेली. हॉलचं नेट सारखं जातंय, एका कंपनीची मोठी बैठक आहे, सार्थक येतो, काहीतरी करतो, तासाभरानं पुन्हा तेच, असं सगळं तिनं सांगितलं. रुपाली लिहून घेत होती. मग चैताली म्हणाली, "हे बघा, या वेळी सार्थकना पाठवू नका. तुमच्या सीनियर इंजिनिअर आहेत ना, रुपाली एस., त्यांना पाठवा. त्यांच्या नावावर आम्ही काम दिलंय. का अजून रजेवरच आहेत त्या?"

रुपालीचा पेन थांबला. तिनं विचारलं, "कसली रजा?"

"बाळंतपणाची. पडवळ सरच म्हणाले होते. आम्ही कामाच्या आधी भेटायचं म्हटलं तेव्हाही रजेवर होत्या. आता सहा महिने होत आले की."

समोर सार्थकची रिकामी खुर्ची होती. केबिनच्या काचेतून शेठ मोबाइलवर कुणाशी तरी हसत बोलताना दिसत होते. रुपालीचं लग्नही झालेलं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "रुपाली मीच. रुपाली सखाराम ओव्हाळ. मी रजेवर नाही. मी पहिल्यापासून इथं फोनवरच बसते."

चैतालीनं हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही परीक्षा पास नाही झालात?"

"दोन्ही झालेय."

"मग?"

रुपालीनं काचेपलीकडच्या शेठकडे बघितलं. तिनं तक्रार लिहून घेतली, सार्थकला निरोप दिला, फोन ठेवला आणि उठून केबिनमध्ये गेली.

शेठ दचकले नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि समजूत काढायला सुरुवात केली. राउटरवाली कंपनी आपल्यासारख्या धंदेवाल्यांना दर्जा देते, त्यांच्याकडं पास झालेली माणसं किती आहेत ते बघून. दर्जा असला की माल स्वस्त मिळतो, मोठी कामं मिळतात. तुझ्या सर्टिफिकेटमुळे आपला दर्जा वाढला. त्यात वाईट काय झालं. कागदावर तर तुझंच नाव आहे, तुझाच मान झाला की. साइटवर सार्थक गेला काय आणि तू गेलीस काय, घरचंच काम. आणि पवनेचा रस्ता, यायला अंधार पडणार, तुझ्या घरच्यांना काळजी, मी हा सगळा विचार करूनच तुला इथं ठेवलं.

"मी पवन मावळातच राहते, शेठ," रुपाली म्हणाली. "रोज त्याच रस्त्यानं घरी जाते."

शेठ हसले. मग तिनं विचारलं, रुपाली एस. म्हणजे काय. माझं आडनाव कुठं गेलं.

शेठनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडं केला. "त्यात काही नाही गं. क्लायंट कुठकुठले असतात. पुन्हा हितली चार माणसं त्यांच्यात असतात, आडनाव बघतात. मी नाही मानत तसलं काही. पण धंद्यात कशाला उगाच." एवढं बोलून त्यांनी जणू तिच्यावर उपकारच केले अशा नजरेनं तिच्याकडं बघितलं.

ती उठली. बाहेर फोन वाजत होता. तिनं तो घेतला. कुणाचा तरी पासवर्ड लागत नव्हता.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. येसूबाई नुकतीच कामावरून आली होती, बोटांना काट्यांचे ओरखडे होते, ती तशीच पाण्यात हात घालून ऐकत बसली. "लेकराचं खोटं सांगितलं?" ती म्हणाली. "बिनलग्नाच्या पोरीला बाळंतीन केली? त्यांच्या घरात पोरीबाळी न्हाईत?"

सखाराम मात्र चहाचा कप घेऊन बसले होते. सबंध आयुष्य त्यांनी साहेबांच्या हाताखाली काढलं होतं आणि कुठं बोलायचं, कुठं गिळायचं याचा त्यांचा हिशेब पक्का होता. ते म्हणाले, नोकरी सोपी मिळत न्हाई. पगार येळेवर देतो ना. आजून थोडी कळ काढ, मग दुसरीकडं बघ. येसूबाई त्यांच्यावर चिडली. ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "सोसायचं म्हनत न्हाई मी. घाई करू नगं म्हनतो."

रुपालीनं तेव्हा आडनावाचं सांगितलं. ते तिनं शेवटाला राखून ठेवलं नव्हतं. ते सांगायचीच तिला लाज वाटत होती, आणि आपल्याला का लाज वाटावी याचा पुन्हा राग येत होता.

सखारामांनी कप खाली ठेवला. "कापलं?"

"एस. म्हणून लिहिलं, आबा. नुसतं एस."

"ओव्हाळ न्हाई लिवलं."

"नाही."

ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "डेपोत रोज हजेरीला माझं नाव पुकारत्यात. सखाराम भिकाजी ओव्हाळ. पुरं. कवा कुनी कापलं न्हाई. माझ्या बापानं त्येच नाव लावून मला शाळंत घातलं." त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "त्यो कागद तुझा हाय का त्येंचा?"

"माझा. परीक्षा माझी आहे. मी मान्य म्हटलं म्हणून तो त्यांच्या नावाखाली दिसतो."

"मग न्हाई म्हन्ता येतं का?"

तिनं मोबाइलवर उघडून बघितलं. येत होतं. तिच्या खात्यात ऑफिसच्या नावापुढं एक बटण होतं. संबंध तोडा. इतकी मोठी इमारत या एका बटणावर उभी होती आणि ते सगळा वेळ तिच्याच खिशात होतं, हे बघून हसावं की रडावं ते तिला कळेना.

तिनं ते लगेच दाबलं नाही. शेठना एकदा स्वच्छ विचारायचं तिनं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, पवनेचं काम माझ्या नावावर आहे तर मला पाठवा, आणि क्लायंटला माझं पूर्ण नाव कळवा. नाहीतर मी माझं सर्टिफिकेट काढून घेते.

शेठ आधी हसले. मग पगार वाढवतो म्हणाले. तिनं नको म्हटलं, तेव्हा त्यांचा सूर पहिल्यांदाच बदलला. पुढच्याच महिन्यात दर्जाची तपासणी आहे, आत्ता नाव काढलंस तर पवनेचं काम जाईल, माल महाग होईल, माणसं कमी करावी लागतील, ती तुझ्या नावानं बोटं मोडतील. आणि मग, तिला जायला उठलेली बघून, त्यांनी शेवटचं काढलं. "बरं, तुला जायचंच असेल तर जा. मी तुला अनुभवाचं पत्र देतो. सीनियर नेटवर्क इंजिनिअर, सात वर्षांचा अनुभव. क्लायंटला दिलंय तेच. हिंजवडीत कुठंही उभी राहशील. फक्त नाव वर्षभर आमच्याकडं राहू दे."

रुपाली क्षणभर थांबली, हे खरं आहे. सात वर्षांचं पत्र घेऊन हिंजवडीच्या कुठल्याही दारात तिला आत घेतलं असतं. आपण फोनवर घालवलेली वर्षं त्या एका कागदानं धुऊन निघाली असती. तिनं विचारलं, "आणि मला कुणी विचारलं, सात वर्षांत काय केलं, तर मी काय सांगू?"

"सगळेच सांगतात काहीतरी."

"तुम्ही माझ्यावर एक खोटं रचलंत. आता दुसरं मीच माझ्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली. "मला खरं पत्र द्या."

ती बाहेर आली तर जिन्यात नथू उभा होता. शेठनी त्याला आधीच सांगून ठेवलं असणार. नथू तिच्याहून कितीतरी मोठा, पण तिला ताई म्हणायचा. त्यानं टोपी काढून हातात धरली. "ताई, तुजं खरं हाय. मला सगळं ठावं हाय. पर मानसं कमी करायची म्हनली तर पयला मीच. माझं वय बघ. मला आता कुटं घेनार?"

शेठच्या कोणत्याही बोलण्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. अन्याय करायचा त्यांनी, आणि त्याचं ओझं नथूच्या हातात देऊन त्याला जिन्यात उभा करायचा. तिला नथूचा राग आला नाही. तिनं त्याला सांगितलं, "नथूभाऊ, तुम्हाला काढलं तर ते शेठ काढतील. मी नाही. त्यांनी मला पवनेला पाठवलं असतं तर दर्जाही राहिला असता आणि तुम्हीही. हे त्यांना जाऊन विचारा." नथूनं टोपी परत घातली आणि खाली उतरून गेला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती तिथं उभी होती, आणि तिचा निश्चय डळमळला असता तर तो त्या वेळीच.

ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली. भर दुपार होती, सार्थक नुकताच पवनेहून परत येऊन डबा उघडत होता. तिनं मोबाइल काढला, त्याच्यासमोर बटण दाबलं, आणि त्याला सांगितलं. सार्थकचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला, "मामाला मी सांगितलं होतं रुपाली, तिला घे म्हणून. दोनदा सांगितलं."

"मला नाही सांगितलंस," ती म्हणाली.

सार्थकनं डबा झाकला. तिनं राजीनामा लिहून केबिनमध्ये ठेवला, चैतालीला एक मेल केला, त्यात फक्त खरं तेवढंच लिहिलं, आणि खाली पूर्ण नाव घातलं.

यानंतर तिचं भलं झालं असं कुणाला वाटेल, पण तसं लगेच झालं नाही. चैतालीचा फोन आला. तिनं माफी मागितली, जिची काही चूक नव्हती तिनं. 'सह्यकडा'चं काम आम्ही थांबवलंय, म्हणाली. रुपालीनं विचारलं, तुमच्याकडं माझ्यासारखीला जागा आहे का. चैताली घुटमळली. मी वर विचारलं होतं, म्हणाली, पण वरच्यांचं म्हणणं, या भानगडीतलं कुणीच नको. रुपालीनं आभार मानून फोन ठेवला. त्या 'भानगडी'त तिनं काय केलं होतं, हा प्रश्न विचारावा असं कुणालाच वाटलं नव्हतं.

शेठनी खरं पत्र दिलं. 'टेलिफोन ऑपरेटर' एवढंच त्यात लिहिलं, आणि वागणूक समाधानकारक. लोणावळ्यात दोन ठिकाणी ती नोकरी मागायला गेली, तर ती जायच्या आधीच तिच्याबद्दलचं बोलणं तिथं पोचलेलं होतं. पोरगी हुशार आहे पण डोक्यात जाते. पिंपरीत एका मुलाखतीत साहेबानं तिची दोन्ही सर्टिफिकेटं बघितली, मग ते पत्र बघितलं आणि विचारलं की टेलिफोन ऑपरेटरला ही परीक्षा कशी काय झेपली. सर्टिफिकेटं खरीच आहेत ना, असंही विचारलं. ती म्हणाली, तुमच्याकडं मशिन असेल तर आत्ता समोर करून दाखवते. साहेब म्हणाले, त्याची गरज नाही, आम्ही कळवू. कळवलं नाही.

घरी बसून राहण्याचे ते महिने वाईट गेले. पण सखारामांनी एकदाही म्हटलं नाही की मी सांगत होतो. उलट कामशेतच्या पारावर कुणीतरी रुपालीची चौकशी केली, तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नोकरी तिनं सोडलीय. तिला काढलेली न्हाई." दरम्यान 'सह्यकडा'नं पुण्यातल्या कुणाचं तरी सर्टिफिकेट आणून दर्जा पुन्हा मिळवला, असं सार्थकनं फोन करून सांगितलं. नथूला काढलं नव्हतं. ते ऐकून तिला हायसं वाटलं. आणि जे माणसं कमी करायची भीती घालत होते त्यांना त्याची गरजच नव्हती, हे कळून पुन्हा अंगाची आग झाली. सार्थक म्हणाला, मी पायाच्या परीक्षेला पुन्हा बसतोय, काही अडलं तर विचारू का. ती म्हणाली, विचार. पण साइटवर बसून नाही. घरी बसून, स्वतःचा अभ्यास म्हणून.

शेवटी तळेगावच्या एमआयडीसीत काम मिळालं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचं नेटवर्क सांभाळणारी एक छोटी कंपनी होती. तिथं मुलाखत घेणाऱ्या सरूबाई नावाच्या प्रौढ बाईंनी पत्राकडं बघितलंच नाही. तिला एका बिघडलेल्या मांडणीसमोर बसवलं आणि त्या चहा प्यायला गेल्या. परत आल्या तेव्हा रुपालीनं दोष काढला होता. एक नाही, दोन होते, दुसरा तिला सापडला नव्हता. सरूबाईंनी तो दाखवला आणि म्हणाल्या, सोमवारी ये. जागा सगळ्यात खालची होती. ज्युनिअर. पगार 'सह्यकडा'तल्याहून थोडाच जास्त. ओळखपत्रावर नाव कसं लिहायचं, असं त्यांनी विचारलं नाही. आधारवर होतं तसं पुरं छापून दिलं.

आता ती कामशेतहून वडिलांबरोबरच पुण्याकडची लोकल धरते आणि तळेगावला उतरते. पहिल्याच आठवड्यात एका कारखान्यातलं एक अख्खं शेड बंद पडलं. सरूबाईंनी तिला एकटीला पाठवलं. स्विच छताजवळ लोखंडी पेटीत होता, धुळीनं आणि तेलानं माखलेला. खाली उभ्या असलेल्या सुपरवायझरनं तिच्याकडं, मग वर बघितलं आणि म्हणाला, मॅडम, तुमचे इंजिनिअर किती वेळात येतायत, आमची लाइन बंद आहे.

रुपालीच्या कानशिलांत रक्त चढलं. तिला वाटलं होतं की हा राग मागं राहिला. तो कुठंही गेला नव्हता. तो तिच्याबरोबर इथंपर्यंत आला होता आणि बहुधा यापुढंही येणार होता. तिनं हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला, लॅपटॉपची पिशवी खांद्याला अडकवली आणि भिंतीला टेकवलेली शिडी ओढून पेटीखाली आणली.

"इंजिनिअर आलेत," ती म्हणाली. "शिडी धरा."

सुपरवायझरनं धरली.